अच्युतने सोडलेली वीज

"वहिनी, बटण तुम्हीच दाबा," तळप्रमुख शेवडे म्हणाले.

चंद्रावरच्या वस्तीला सूर्याच्या घातक कणांपासून जपणारं अतिवाहक तारेचं जुनं वेटोळं आज बदलायचं होतं. मालिनीच्या नवऱ्याने, अच्युतने, अकरा वर्षांपूर्वी त्यात एकदाच वीज सोडली होती. तेव्हापासून ती जराही न घटता फिरत होती. अच्युत मात्र दोनच वर्षांत गाडीसकट एका विवरात नाहीसा झाला. देह सापडला नाही. मालिनी रोज सकाळी वेटोळ्यातल्या विजेचा आकडा बघायची. तो तोच असायचा.

तिने बटण दाबलं. आकडा शून्यावर आला. तिला काहीच वाटलं नाही.

"एवढी वीज वाया कशाला घालवायची? पाण्याच्या टाकीला जोडली होती," शेवडे म्हणाले. "आज सगळ्यांना अंघोळीला गरम पाणी!"

मालिनी न्हाणीघरात गेली. अच्युत गेला तेव्हा तळावर जेमतेम पिण्यापुरतं पाणी होतं. त्याच्या नावाने अंघोळ करायची राहूनच गेली होती.

तिने डोक्यावरून तांब्या ओतला. चंद्रावर पाणी सावकाश उतरतं. पायांपर्यंत पोचलं तेव्हाही ते गरम होतं.