एका ओळीत दोघी

"तुमचं ऑपरेशन झालंय, मावशी," वर्षाराणी तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली. समोर बसलेल्या सुभद्राबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू टेबलापलीकडूनही दिसत होता, पिकून पांढरा झालेला. उजवा डोळा तर केव्हाच गेला होता.

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात वर्षाराणी कॉम्प्युटरवर बसायची. डोळ्यांच्या शिबिराचा रिपोर्ट रोज सकाळी तिच्या मेलवर आपोआप येऊन पडायचा. तो पुण्यातल्या कुठल्याशा सर्व्हरवर तयार व्हायचा. त्यात ज्याचं नाव, त्यालाच गाडी दवाखान्यात न्यायची, आणि तिकडे डॉक्टरसुद्धा हाच रिपोर्ट उघडून बघायचे. आजच्या रिपोर्टात सुभद्राबाई रामहरी तिडके या नावाची एकच ओळ होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, शस्त्रक्रिया पूर्ण.

ते खोटंही नव्हतं. शेजारच्या खुर्चीत दुसऱ्या सुभद्राबाई रामहरी तिडके बसल्या होत्या, काळा चष्मा लावून. एकच गाव, एकच आडनाव, नवऱ्यांची नावंही एकच. गावाचं त्यात काही अडत नव्हतं. एक मळ्यातली सुभद्रा, एक वेशीतली सुभद्रा, झालं. घोळ केला तो गुरुजींनी. कार्डं काढायची वेळ आली तेव्हा अर्ध्या गावाला जन्मतारीख सांगता येईना. गुरुजींनी शाळेत पोरांना देतात तसा सगळ्यांना एक जून देऊन टाकला. सालाचं विचारलं तर दोघींनी नांदायला आल्याचं साल सांगितलं, गुरुजींनी त्यातून अंदाजानं वय काढलं, आणि नांदायला दोघी एकाच साली आल्या होत्या. नोंदणीच्या पानावर त्या वेगवेगळ्या होत्या, पण रिपोर्ट काढताना सर्व्हरने दोघींची मिळून एक बाई केली. वेशीतलीचं ऑपरेशन झालं आणि मळ्यातलीचं नाव गेलं.

वर्षाराणी पंधरवडाभर तो सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीच्या मागे लागली होती. तक्रार टाकली की नंबर मिळायचा आणि दोन दिवसांनी 'निराकरण झाले' असा मेल यायचा. काय निराकरण झालं ते देवाला ठाऊक. आजची गाडी शेवटची होती, पुढचं शिबिर एकदम दिवाळीनंतर. आणखी थांबलात तर आहे तोही डोळा जाईल, असं डॉक्टरांनी मळ्यातल्या सुभद्राबाईंना बजावून सांगितलं होतं. साहेब मीटिंगला गेलेले. गाडीचा ड्रायव्हर तानाजी घडीघडी दारात येऊन नुसता उभा राहत होता आणि परत जात होता.

वर्षाराणीने पुन्हा कंपनीत फोन लावला. तिकडचा इंजिनियर फार गोड बोलला, त्यानेच तिचं डोकं जास्त तापलं. त्याचं म्हणणं, रिपोर्ट बरोबर आहे, तुमची माहितीच सारखी आहे. तिने सांगितलं, दोघींच्या कार्डांचे नंबर वेगळे आहेत, तेवढे बघा. तो म्हणाला, गोपनीयतेमुळे रिपोर्ट कार्डाचा नंबर वाचतच नाही. तिने सांगितलं, दोघी माझ्यासमोर बसल्यात, व्हिडिओ कॉल करते. तो हसला. मग थोडा विचार करून त्याने एक वाट काढून दिली. सारख्या दोन नोंदींपैकी एक मयत दाखवली, तर दुसरी रिपोर्टात येते. मयत दाखवायचा अधिकार तालुक्याला दिलेलाच आहे.

"म्हणजे जिवंत बाई मारू मी?"

"तसं नाही मॅडम. फक्त स्टेटस बदलायचंय."

वर्षाराणीने फोन आपटला. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वेशीतल्या सुभद्राबाईंनी विचारलं, काय म्हणत होता तो. तिने सांगितलं, आणि त्यांना भीती वाटावी म्हणून पुढचंही सगळं सांगितलं. ही नोंद इथे राहत नाही. रातोरात रेशनला जाते, म्हातारपणाच्या पगारीला जाते, सगळं बंद होतं. आणि मेलेलं माणूस कागदावर परत जिवंत करायचं तर वर्ष-वर्ष खेटे घालावे लागतात.

मळ्यातल्या सुभद्राबाई उठल्याच.

"ऱ्हाऊ दे," दार समजून कपाटाकडे तोंड करून त्या म्हणाल्या. "कुनाला मारून मला न्हाई बगायचं."

वेशीतल्या सुभद्राबाईंनी त्यांचा पदर धरून त्यांना खाली बसवलं. मग चष्मा काढला आणि वर्षाराणीकडे नीट पाहिलं.

"मला मार, लेकी. मला आता दिसतंय. मी यीन हितं, भांडीन तुज्याशी, तुज्या सायबाशी, व्हईन जित्ती कवातरी. हिला दिसतच न्हाई. हिनं कुटं जाऊन भांडावं?"

तानाजी पुन्हा दारात आला, तेव्हा वर्षाराणीने वेशीतल्या सुभद्राबाईंची नोंद उघडली. मृत्यूचं कारण भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. तिने वृद्धापकाळ निवडलं आणि सर्व्हरकडून रिपोर्ट नव्याने मागवला. सुभद्राबाई रामहरी तिडके, शस्त्रक्रिया बाकी. तानाजीने नाव ताडून पाहिलं आणि मळ्यातल्या सुभद्राबाईंना हाताला धरून गाडीत नेऊन बसवलं.

गाडी हलली तेव्हा मयत सुभद्राबाई फाटकाशी उभ्या राहून हात हलवत होत्या. खिडकीतल्या सुभद्राबाईही हात हलवत होत्या, भलतीकडेच बघत.