शेवटचा स्पर्धक

चार वर्षांपूर्वी सर सायकल संघाचे प्रशिक्षक होते. अपघातात मोडलेल्या गुडघ्यात सळई बसवून संघातला एक मुलगा सरावाला परत आला, तेव्हा सरांनी त्याला सगळ्यांसमोर घरी पाठवलं होतं. "तू आता घाटात उभा राहा आणि टाळ्या वाजव."

आज सर घाटाच्या शर्यतीचे मुख्य पंच होते आणि नियमात अडकले होते. शेवटचा स्पर्धक येईपर्यंत, नाहीतर पाच वाजेपर्यंत, पंचाने अंतिम रेषा सोडायची नाही. एक वाजेपर्यंत सगळे पोचले, राहिला फक्त तो सळईवाला मुलगा. माथ्यावर सावलीचं नाव नव्हतं. सरांचं टक्कल भाजून निघालं, पाय भरून आले, बाटलीतलं पाणीही संपलं.

पाचला दोन मिनिटं कमी असताना तो आला, अगदी ताजातवाना.

"गुडघा दुखत होता तर सोडून द्यायचं ना रे," सर करवादले.

"गुडघा मस्त आहे, सर. साडेअकराला त्या खालच्या वळणावर मी तिसरा होतो. मग तिथल्या झाडाखाली बसून तुम्हाला उन्हात उभं राहिलेलं बघत होतो."

 

त्याने सावकाश रेषा ओलांडली. "आता टाळ्या वाजवा."