मावशींच्या हातातला पट्टा

साडेनऊ वाजले होते. दहाला शाल्मली पहिल्यांदाच अपेंडिक्सचं ऑपरेशन स्वतःच्या हाताने करणार होती. फक्त मनगटावरचा पट्टा हिरवा हवा होता. हा पट्टा शिकाऊ डॉक्टरांचा थकवा मोजायचा. तो लाल झाला, की दोन दिवस सक्तीची रजा. तिचा तर सकाळपासूनच नारिंगी होता.

वॉर्डात हौसामावशी नेहमीसारख्या गुणगुणत फरशी पुसत होत्या. त्यांना चिडलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. यांच्या हातावर पट्टा नक्की हिरवा होईल आणि तशी नोंद झाली की ऑपरेशन आपलंच, असं शाल्मलीला वाटलं.

“मावशी, पाच मिनिटं हा घाला ना.”

“मला कशाला? मला काय कुणाचं पोट फाडायचंय?” मावशी हसल्या, पण हात पुढे केला.

पट्टा लाल झाला, मग जांभळा. हा रंग शाल्मलीने कधी पाहिलाच नव्हता.

“बिघडलाय वाटतं,” मावशी म्हणाल्या.

शाल्मलीने तो स्वतःच्या हातात घातला. नारिंगी. पुन्हा मावशींच्या हातात. जांभळा.

“मावशी, तुम्ही झोपता किती?”

“झोपते की. येताना बसमध्ये.”

तेवढ्यात पट्टा बोलला, “डॉक्टर, काम थांबवा. तुमच्या जागी दुसरी व्यक्ती पाठवत आहोत.”

ऑपरेशन हातचं गेलं, हे शाल्मलीला कळलं. मावशी मात्र पट्ट्याकडे टक लावून बघत होत्या.

“माझ्या जागी? कोण येतंय हो?” त्यांनी विचारलं, आणि कोण येतं ते बघायला दाराकडे तोंड करून त्या स्टुलावर बसल्या.