पाच विरुद्ध शून्य
सर्वोच्च न्यायालयाच्या तालुक्यातल्या खिडकीवर निकाल अकरा सेकंदांत आला. घटनेतल्या जगण्याच्या हक्कात जमीन येत नाही. पाच विरुद्ध शून्य.

"पाचांतला एकही आमच्या बाजूने नाही?" फुलवंती वळवीने विचारलं.

"मावशी, खुर्च्या पाच आहेत, निकाल देणारं यंत्र एकच," खिडकीतला कारकून गणोरकर म्हणाला. "ते स्वतःशीच कसं भांडणार?"

"एकच आहे तर पाच कशाला मोजता?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आई जमिनीचा खटला हरली तेव्हा चार न्यायमूर्ती विरोधात होते, पण पाचव्याने आठ पानं लिहिली होती: जमिनीशिवाय जगणं कसलं? आईने ती पत्र्याच्या पेटीत जपली. तेरा वर्षांनी त्याच न्यायालयाने त्याच पानांचा आधार घेऊन पाड्याला जमीन परत दिली. आता तीच जमीन पुन्हा जात होती.

"आता मी पेटीत काय ठेवू?"

फुलवंतीने निकालाचा कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर 'मला हे मान्य नाही. जमिनीशिवाय जगणं कसलं?' असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद आत सरकवला.

"आवकचा शिक्का मार. तारीख नीट उमटू दे."