अकरा महिन्यांचा करार

वाकडमधला तो फ्लॅट तेजस्विनीला पाहताक्षणी आवडला. चार महिने ती आणि नवरा अनिकेत घर शोधत होते, पण दरवेळी कुणीतरी आधी पोचलेलं असायचं. इथे घरमालकीण कारखानीसबाईंनी चहा केला आणि सोसायटीच्या नियमाप्रमाणे दोघांच्या बोटांतून रक्ताचा एकेक थेंब यंत्रात घेतला. माणसाचं किती आयुष्य उरलंय ते यंत्र सांगे, पण फक्त घरमालकाला. भाडेकरूला सांगायला कायद्याने बंदी होती.

बाईंनी स्क्रीन पाहिला आणि घर दाखवायला आलेल्या एजंटला म्हणाल्या, "करार ह्यांच्या मिसेसच्या एकटीच्या नावाने करा."

"दोघांच्या नावाने करू ना," अनिकेत म्हणाला.

"नको हो. अकरा महिन्यांचा करार. मध्येच नाव काढायचं म्हणजे पुन्हा नोंदणी, पुन्हा धावपळ." त्यांनी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली. "घ्या ना तुम्ही."

तेजस्विनीने कप खाली ठेवला. अनिकेतने आपल्या टोचलेल्या बोटाकडे पाहिलं.

"नंतर हिला राहू द्याल ना?" त्याने विचारलं.

"करार संपेपर्यंत. पुढे एकट्या बाईला आमची सोसायटी घर देत नाही."

"खाली दोन पार्ट्या थांबल्यात," एजंट म्हणाला.

"चल, जाऊ या इथून," तेजस्विनी उठली.

अनिकेतने तिला हाताला धरून खाली बसवलं. "सही कर, तेजू. दुसरं घर शोधायला आता वेळ कुठे आहे?"

तिने सही केली. एजंटने पान उलटून अनिकेतपुढे धरलं. "साहेब, तुमची इथे. साक्षीदार म्हणून."