वापनची सोय

"तू तिला घरी नेशील की नाही, एवढंच सांग," गिल्बर्ट हौर्स्टन म्हणाला.

होड्या बांधणाऱ्या मॅग्नसने रंधा थांबवला. "साहेब, ती काय घोंगडी आहे, तुम्ही निघालात म्हणून मला देऊन जायला?"

"रीत आहे इथली."

रीत होतीच. कॅनडात सस्कॅचवान नदीवरच्या कंपनीच्या आमच्या ठाण्यात बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारासाठी गोरी माणसं समुद्रापलीकडून येत, इथल्या क्री जमातीच्या बायकांशी संसार करत आणि नोकरी संपली की मायदेशी चालती होत. जाताना बायकोचा कुणा भल्या माणसाशी पाट लावून देत. तेवढं केलं की माणूस सज्जन ठरे. आमच्याकडे सज्जनपणा असा स्वस्त होता.

पण ठाण्याच्या कारभाऱ्याकडून, गिल्बर्टकडून, ही अपेक्षा कुणाचीच नव्हती. त्याच्या क्री बायकोशी, वापनशी, त्याचा बावीस वर्षांचा संसार. त्यांची दोन मुलं देवीच्या साथीत गेली तेव्हा हा माणूस तिच्याशेजारी जमिनीवर बसून ढसाढसा रडला होता. आणि आता तो वसंतातल्या होड्यांबरोबर मायदेशी, स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर, बहिणीकडे राहायला निघाला होता.

"तिला विचारलंत?"

"तू हो म्हण. हिवाळ्यात तिच्यासमोर चूल पेटलेली पाहिजे, मॅग्नस. बाकी मला काही नको."

मॅग्नस एकटा होता आणि मनाने मऊ होता. तो हो म्हणाला.

वापनला कळलं तेव्हा ती कातडं खरवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"बहिणीला काय नेतोस, म्हाताऱ्या?"

"काही नाही."

"इतक्या वर्षांनी जातोस आणि हात हलवत? दारात उभं करणार नाही ती तुला."

"करेल."

"आणि जेवणार कधी? समोरचं मांस तसंच आहे."

"भूक नाही."

"गोऱ्या बायकांच्या आठवणीनेच पोट भरलं असेल."

कुंपणाशी उभ्या असलेल्या बायका हसल्या. गिल्बर्टने थाळी बाजूला सारली, कमरेचा पट्टा आवळला आणि कातड्यांचे गठ्ठे बांधायला निघून गेला. पट्ट्याला त्याने नुकतंच नवं भोक पाडलं होतं. घरी जायच्या घाईत म्हाताऱ्याला जेवण सुचत नाही, असं लोक म्हणू लागले. आम्ही सगळेच त्याच्यावर चिडलो होतो.

निघायच्या दिवशी सगळं ठाणं नदीवर आलं, त्याला निरोप द्यायला कमी आणि वापनला बघायला जास्त. ऊन चांगलं तापलं होतं, तरी तिने डोक्यावरून घोंगडी घट्ट ओढून घेतली होती. बिचारी लाजेने तोंड लपवतेय, असंच सगळ्यांना वाटलं. रीतीप्रमाणे ती मॅग्नसच्या शेजारी उभी होती.

गिल्बर्ट तिच्यापुढे गेला. "मॅग्नस चांगला माणूस आहे."

"माहीत आहे."

"मला हव्या तेवढ्या शिव्या घाल."

"घालीन. अख्खा हिवाळा पडलाय." तिने हरणाच्या कातड्याचं एक गाठोडं त्याच्या हातात कोंबलं. "वाटेत सोड. इथे नको."

होड्या सुटल्या. पहिलं वळण गेलं, ठाण्याचं कुंपण दिसेनासं झालं, तसा गिल्बर्ट पोट धरून गठ्ठ्यांवर आडवा झाला. सुकाणूवर बातिस्त होता. ठाण्यात त्याला एकट्यालाच माहीत होतं. त्याने वल्ही मारणाऱ्यांना गाणं धरायला सांगितलं आणि खाली वाकला.

"कुठवर न्यायचं, साहेब?"

"जमेल तिथवर. मग काठावर उंचवटा बघून खड्डा खण. आणि परत गेलास की सांग, मी जहाजात चढलो."

"पोटातल्या गाठीचं तिला सांगितलं असतंत तर?"

"तर मी तिथेच मेलो असतो. मग त्यांच्या रीतीप्रमाणे तिने वेण्या कापल्या असत्या, होतं नव्हतं ते वाटून टाकलं असतं आणि वर्षभर कुंपणाबाहेर तंबूत एकटी बसली असती. विधवेला कंपनी शिधा देत नाही. मागच्या दोघी अशाच गारठून गेल्या, बातिस्त. सोडून गेलेल्याचं सुतक कुणी धरत नाही. तिने मला हरामखोर म्हणावं आणि मॅग्नसच्या चुलीपाशी जगावं."

एवढं बोलून त्याला रडू कोसळलं. बावीस वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला होता, आणि तिने ते खरं मानलं याचंच त्याला जास्त दुःख होत होतं.

दुपारी जेवणासाठी होड्या काठाला लागल्या. गिल्बर्टने गाठोडं बातिस्तकडे सरकवलं. "सुकं मांस असेल. मला जात नाही, तू खा."

बातिस्तने गाठ सोडली, आत पाहिलं आणि गाठोडं त्याच्या मांडीवर ठेवलं.

आत वापनच्या दोन वेण्या होत्या, मुळापासून कापलेल्या.