गड क्रमांक एकशे आठ

"गड पायीच चढायचा असतो," केळुसकरांनी जोधपूरच्या किल्ल्याखाली लिफ्टच्या रांगेला ऐकू जाईल अशा बेताने बायकोला सुनावलं. गुडघेदुखीने बेजार झालेल्या शालिनीबाई रांगेतच राहिल्या. केळुसकरांनी पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि ते निघाले. एकशे सात गड ते असेच चढले होते.

दुसऱ्याच दरवाजाशी पोटरीत गोळा आला. पहारेकऱ्यांनी त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. लिफ्टच्या रांगेने अदबीने वाट दिली.

लिफ्टने वर पोचताच शालिनीबाईंनी खुर्ची ताब्यात घेतली आणि ढकलत सगळा महाल दाखवला. शेवटी केळुसकरांनी गडांची वही काढली. 'चढाई कशी केली' या रकान्यापाशी पेन थबकलं.

"लिहा की," त्या मागून म्हणाल्या, "बायकोच्या गुडघ्यांच्या जिवावर."